झगमगची झोप

मोठ्या रस्त्यावरच्या तीन मजली कपड्यांच्या दुकानात तिला सगळे झगमग म्हणायचे. घरी मावशी ठमी म्हणायची, कारण लहानपणी ती चांगली गुबगुबीत होती. आता सत्ताविसाव्या वर्षी ती सडसडीत झाली होती, केस कानाच्या पाळीपर्यंत नेमके कापलेले, कोटाला स्वतः बदललेली बटणं. पण घरातलं नाव काही सुटलं नव्हतं. रस्त्याने ती चालली की बायका वळून बघत. तिला ते कळे आणि आवडेही.

दुकानाच्या दर्शनी काचा सजवायचं काम तिच्याकडे होतं. चार मोठ्या काचा, त्यांच्यामागे अकरा पुतळे. वर्षभर ते काम निभून जाई. पण वर्षअखेरच्या सुट्ट्या जवळ आल्या की तिचा जीव मेटाकुटीला येई. दर चार दिवसांनी काचा बदलायच्या, आणि त्याही दुकान उघडण्याआधी. म्हणजे पहाटे पाचला हजर. ओठांत टाचण्या धरून ती पुतळ्यांच्या पाठीमागून ड्रेसला चुण्या घालायची, हाताचे ठसे उमटू नयेत म्हणून सुती हातमोजे घालून काच पुसायची, वरून कापसाचं बर्फ सोडायची. मग दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांना कपडे निवडून द्यायला उभी. बाहेर लोक काचेला नाक लावून बघत राहत आणि म्हणत, काय मजा असेल अशा ठिकाणी काम करायला.

या दिवसांत ती स्वतःचे लाड मात्र करून घ्यायची. रोज संध्याकाळी कोपऱ्यावर गरम चॉकलेट, दर आठवड्याला नवी लिपस्टिक, रविवारी नखं रंगवून घेणं. यंदा नखं रंगवून घेतानाच खुर्चीत तिचा डोळा लागला आणि रंगवणाऱ्या बाईने तिला हलवून उठवलं, तेव्हा दहाही नखं वाळून कडकडीत झाली होती. तिने ते हसण्यावारी नेलं.

तिच्या फोनमध्ये एक यादी होती. ती दोन वर्षांपूर्वी केलेली. सुट्टीत एखाद्या तळ्याकाठच्या हॉटेलात जायचं. अंगाला मालिश करून घ्यायची. बोटीतून फिरायचं. रात्रीच्या जेवणाला लाल मखमली ड्रेस घालून जिन्यावरून सावकाश उतरायचं, पियानोजवळच्या टेबलावर बसायचं आणि कुणीतरी अनोळखी माणसाने येऊन विचारायचं, हे इतकं सुंदर कुठून घेतलंत? वर्षभर ती पुतळ्यांना नटवत होती. निदान तीन दिवस लोकांनी तिच्याकडे बघावं, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि ते चक्क मिळालं. शहरातल्या दुकानांच्या सजावटीच्या स्पर्धेत तिची तिसरी काच पहिली आली आणि बक्षीस म्हणून तळ्याकाठच्या हॉटेलात दोघांसाठी तीन रात्री मिळाल्या. अत्तरांच्या काउंटरवरची मैत्रीण सोबत येणार होती. दोघींनी कोणी कुठल्या दिवशी काय घालायचं तेही ठरवलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मैत्रिणीला सणकून ताप भरला. तारखा बदलून मिळणार नव्हत्या.

मावशी टेबलाशी बसून सफरचंद सोलत होती. आई गेल्यापासून झगमगला तिनेच वाढवलं होतं. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तिने मोठमोठी पातेली उचलली होती आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. तिने सुरी खाली ठेवली.

“मी आले तर चालेल का?”

मावशीने आजवर कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे नाही म्हणणं शक्यच नव्हतं. झगमग हो म्हणाली. पण तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो मावशीचा तपकिरी स्वेटर, कोपरांवर विरलेला, आणि त्याच्या शेजारी आपला लाल मखमली ड्रेस. असं मनात आलं याची तिला लाज वाटली, तरी ते मनातून जाईना.

बसने चार तास लागले. हॉटेल खरोखरच चांगलं होतं. दोन पलंग, पांढऱ्या स्वच्छ चादरी, खिडकीतून राखाडी तळं. झगमगने आधी सगळे कपडे कपाटात टांगले, लाल ड्रेसची चुणी हाताने सारखी केली, आणि बूट काढायला म्हणून पलंगावर टेकली. दुपारचे तीन वाजले होते. पाच मिनिटं पाठ टेकते, असं ती मावशीला म्हणाली.

ती जागी झाली तेव्हाही खिडकीत दुपारच होती, पण दुसऱ्या दिवसाची. बूट कुणीतरी काढून पलंगाखाली जोडीने ठेवले होते. अंगावर दोन पांघरुणं होती. तोंडाला कोरड पडली होती आणि मान अशी आखडली होती की वळेना. तेवढ्यात मावशी आत आली. केस ओले, गाल लाल, अंगाला कसल्यातरी गोड तेलाचा वास.

तिने सांगितलं की मालिशवाली बाई मघाशी दारात येऊन उभी राहिली. वेळ झगमगच्या नावावर राखून ठेवलेली. वाया जाईल म्हणून आपणच गेलो. सुरुवातीला फार अवघडल्यासारखं झालं, पण त्या बाईने खांद्यात कुठेसा अंगठा दाबला आणि तीस वर्षांची पातेली उतरल्यासारखी वाटली. हे सांगताना मावशी हसत होती. झगमगला हसू आलं नाही. तिने मावशीने आणलेलं सूप पलंगावर बसूनच प्यायलं, संध्याकाळी तरी जेवायला खाली जायचंच असं ठरवलं, आणि वाडगा हातातून बाजूला ठेवता ठेवता पुन्हा आडवी झाली.

तिला पुन्हा जाग आली ती तिसऱ्या दिवशी बारा वाजता. आता मात्र ती दचकून उठली. खुर्चीच्या पाठीवर तिचा निळा रेशमी स्कार्फ टाकलेला होता, तो तिने स्वतः काढलेला नव्हता. थोड्या वेळाने मावशी आली, बुटांना तळ्याकाठचा चिखल. बोटीतून फिरून आली होती. नावाडी मोठा गप्पिष्ट होता म्हणे, त्याने तिला वल्हंही धरायला दिलं.

“स्कार्फ तू घेतलास?” झगमगने विचारलं.

मावशीने कबूल केलं. काल रात्री जेवायला एकटीनेच खाली जायचं होतं, आणि नुसत्या स्वेटरवर जावंसं वाटेना. पियानोजवळचं टेबल रिकामं होतं म्हणून तिथे बसली. एक म्हातारी बाई मुद्दाम उठून आली आणि तिने स्कार्फ कुठून घेतला असं विचारलं. “मी सांगितलं, माझ्या भाचीने निवडलाय. ती मोठ्या दुकानाच्या काचा सजवते.”

झगमगने फोन उचलला, यादी बघितली आणि फोन पलंगावर टाकला. मालिश झाली होती, बोट झाली होती, पियानो झाला होता, अनोळखी बाईने विचारूनही झालं होतं. एकूण एक गोष्ट झाली होती आणि त्यातली एकही तिची नव्हती. ती रडायला लागली. सुट्टी माझी होती, वर्षभर मी मेले तिच्यासाठी, तुला मला उठवताही आलं नाही, असं बरंच काही बोलली. आपण लहान मुलासारखं बोलतोय हे तिला कळत होतं, पण तोंड थांबत नव्हतं.

मावशीने तिला बोलू दिलं. मग बूट काढून समोरच्या पलंगावर बसली.

“तीनदा उठवलं तुला, ठमे. तिसऱ्यांदा तू झोपेतच म्हणालीस, टाचण्या संपल्या, आणि हात असे हवेत फिरवलेस. त्यानंतर मला हात लावायचा धीर झाला नाही.”

झगमगने डोळे पुसले.

मावशी पुढे म्हणाली की निवृत्त झाल्यावर तीही महिनाभर अशीच झोपली होती. तेव्हा झगमगला वाटलं होतं तिला काही आजार आहे, डॉक्टरकडे नेलं होतं. आजार नव्हता. शरीर आपला हिशेब मागून घेतं, एवढंच. आणि मग खिडकीकडे बघत ती म्हणाली, “यादी तुझी होती हे खरं. पण मलाही हेच सगळं हवं होतं गं. मला कधी कुणी विचारलंच नव्हतं.”

झगमग उठून तोंड धुऊन आली.

संध्याकाळी तिने लाल ड्रेस घातलाच. मावशीने मागून चेन लावली, पण ड्रेस कमरेत सैल झाला होता. या हंगामात तिचं वजन कधी उतरलं ते तिलाच समजलं नव्हतं. मावशीने झगमगच्याच टाचण्यांच्या डबीतल्या दोन टाचण्या काढून तो आत घेतला. जिन्यावरून ती सावकाश उतरली. कुणी बघितलं नाही. जेवणघरात माणसं होती, पण सगळी तिच्यासारखीच दमलेली. एक बाप सूप पिता पिता पेंगत होता, त्याची बायको एका हाताने रडकी मुलगी धरून दुसऱ्याने जेवत होती. दोन तरुण, छान कपड्यातले, एकमेकांशी न बोलता फोनकडे बघत बसले होते. पियानो बंद होता, वाजवणाऱ्याची आज सुट्टी होती. झगमगने अर्धं जेवण संपवलं, टेबलाखाली बूट सैल केले आणि तिला बरं वाटलं. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा ती कुणाला दाखवण्यासाठी बसली नव्हती. केकचे दोन तुकडे कागदात बांधून घेऊन दोघी नऊच्या आत वर आल्या.

कामावर परतल्यावर तिने मॅनेजरबाईंना सांगितलं की पुढच्या हंगामात पहाटेचं काम केलं तर दुपारनंतर दुकानात उभं राहणं जमणार नाही. मॅनेजरबाई म्हणाल्या, बक्षीस मिळालं की लोक असंच बोलतात. मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले आणि म्हणाल्या, “दोन महिने दे, बघते.” झगमगने दोन महिने दिले. अखेर आठवड्यातले चार दिवस दुपारचं उभं राहणं सुटलं, पाचव्या आणि सहाव्या दिवशीचं नाही.

मावशी आता रविवारी त्या पियानोजवळच्या म्हातारीला भेटायला जाते; ती याच शहरातली निघाली आणि मावशीने तिचा पत्ता त्याच रात्री लिहून घेतला होता. जाताना विचारते, “कुठला स्कार्फ देतेस?” झगमग पडल्या पडल्या कपाटाकडे बोट दाखवते. कधी तिच्यासोबत जावं असं तिला वाटतं, पण उठायचा कंटाळा येतो, आणि मावशीही आग्रह करत नाही. दार हळू लावून घेते.