होडीचं तेल लावलेली दांडी

१८ ऑगस्ट. काम एकच होतं: रोह्याच्या खालच्या अंगाला, खाडीच्या धक्क्याशी रोवलेली गाळमोजणीची दांडी उपटून तपासायची. पेणहून सकाळची गाडी पकडली, रोह्यापासून पुढे रिक्षा केली आणि ओहोटी लागता लागता धक्क्यावर पोचले.

दांडी तशी साधी आहे. चिखलात उभी रोवायची. तिच्यावर खालपासून वरपर्यंत बारीक काचेचे डोळे आहेत. प्रत्येक डोळा समोरच्या पाण्यात उजेड टाकतो आणि त्यातला किती उलटून आला ते कळवतो. पाणी नितळ असलं तर थोडा, गढूळ असलं तर जास्त. डोळा गाळाखाली गेला की आकडा टोकाला जाऊन बसतो. पाणी किती गढूळ आणि गाळ कुठवर चढला, दोन्ही तिच्यावरच कळतं.

नारळी पौर्णिमेच्या सुमारापासून तिचे सगळे डोळे टोकाला जाऊन बसले होते. तिचं खरं मानायचं तर खाडी धक्क्यापर्यंत बुजली होती आणि होड्या चिखलावरून चालत होत्या.

दांडी बनवणाऱ्या कंपनीतला इंजिनिअर फोनवर रोज तेच विचारायचा.

"मॅडम, बंद करून चालू केलं का?"

"केलं."

"केबल?"

"तिथल्या माणसाकडून बघून घेतली. बॅटरीही बदलून घेतली."

"मग पाणीच गढूळ असेल, मॅडम."

पावसाळ्यात खाडीचं पाणी गढूळ असतं, हे ऐकायला मी फोन करत नव्हते.

घाई मला होती, कारण धक्क्याची वाट गाळानं भरत चालली आहे. ओहोटीला होड्या बाहेरच अडकतात. भरती येईपर्यंत कोळंबीवरचा बर्फ वितळतो आणि माल पडेल त्या भावात जातो. गाळ काढायचा आमच्या कार्यालयाचा प्रस्ताव पावसाळ्यानंतरच्या बैठकीत जायचा होता आणि त्याच्यासोबत पावसाळ्याची सलग मोजणी हवी होती. चुकलेला पावसाळा पुन्हा मोजता येत नाही.

पाणी उतरलं. ज्या मावशींच्या घरासमोर दांडी रोवली होती, त्यांचा मुलगा चिखलात उतरला आणि ती उपटून वर घेऊन आला. मी हात लावला तर बोटं चिकटली. दांडी वरपासून काळी, चकचकीत, राळेच्या वासाची.

"मावशी, हे काय?"

"तेल." त्यांनी जाळ्यातून मानही वर केली नाही. "होड्यांना लावलं तवा हिला पन दोन हात दिलं. शेवाल धरलं व्हतं गो, शिंपल्या बसाय लागल्या व्हत्या. तूच बोललीस ना, होडीसारखी जपा?"

बोलले होते. दांडीला कोणी होडी बांधू नये, एवढंच मला सांगायचं होतं. पण इथे पौर्णिमेआधी तेल न लावता होडी पाण्यात सोडत नाहीत. होडीसारखी जपा म्हटल्यावर त्यांनी होडीसारखीच जपली. भांडायला जागाच ठेवली नव्हती, आणि त्याचाच जास्त संताप आला.

"मावशी, ते डोळे आहेत तिचे. डोळ्यांना कोणी काळं फासतं का?"

"फासतात की. काजल."

मुलगा खो खो हसला. मी नाही हसले.

मी पिशवीतून साबण काढला आणि घासायला बसले. जरा वेळानं मावशींनी विचारलं, "आता ही दांडी काय सांगते?"

"धक्क्यापर्यंत गाळ आहे म्हणते."

"मग दे ना पाठवून! गाल नाय काय? काल ह्यो कंबरभर चिखलातून होडी ढकलत आला."

"गाळ आहे. पण भरतीला तुमची होडी इथे लागते आणि दांडी म्हणते इथे पाणीच नाही. बैठकीतला पहिलाच माणूस हे पकडेल. मग जून-जुलैची खरी मोजणीसुद्धा केरात जाईल."

"म्हंजे आमचाच पावसाला वाया."

"ऑगस्ट तरी गेला."

साबण संपला तरी काचांवर पिवळट पापुद्रा राहिलाच. इंजिनिअर म्हणाला, पाठवून द्या, गणपतीनंतर बघू. मग मी आमच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, तोवर बाटलीत पाणी भरून हातानं मोजलेलं चालेल; पण रोज, भरतीला आणि ओहोटीला, एकाच जागी. रोज दोन वेळा पेणहून येणं मला जमणार नव्हतं.

"मावशी, बाटली भरता येईल?"

"मना काय येडी समजतेस?"

"आणि बाटलीला तेल?"

"नाय लावत गो. जा आता, गाडी चुकंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी ऑगस्टचे खराब आकडे काढून टाकले आणि कारण लिहिलं: काचांवर होडीचं तेल. दांडी गोणपाटात गुंडाळून कुरिअरला दिली आणि बाटल्यांची पिशवी घेऊन रोह्याची गाडी धरली. मावशी धक्क्यावर बसल्याच होत्या. पहिली बाटली मी भरून दाखवली. दुसरी त्यांनी भरली, पण तळाचा चिखल ढवळून. ती मी ओतून टाकायला लावली आणि पुन्हा भरून घेतली.