तोताराम आबांचा सिल्व्हर ओक

देवपूरच्या आमच्या कॉलेजात तोताराम आबा एकोणीस वर्षं रोजंदारीवर माळी होते. शिक्षण चौथी, पण बागेतलं कुठलंही झाड पान चुरगाळून वासावर ओळखायचे.

वनस्पतिशास्त्राचे प्रमुख लीलाधर सर. त्यांनी विभागासमोरच्या उंच झाडावर पाटी ठोकली, 'ओक. खान्देशातला एकमेव', आणि पेपरात फोटोही छापून आणला. मी दुसऱ्या वर्षाला होते. आबांनी एकदा मला त्या झाडाचं पान उलटून दाखवलं होतं. नेच्यासारखं कातरलेलं, खालून चंदेरी. "हाऊ सिल्व्हर ओक. नुसता नावना ओक," ते म्हणाले होते.

मार्चमध्ये तपासणी समिती आली. झाड पिवळ्या-केशरी फुलांनी भरलं होतं. समितीतल्या एका मॅडमनी पाटी वाचून विचारलं, "ओकला अशी फुलं?"

सर अडखळले. मला शहाणपणा सुचला. "मॅडम, आबांना विचारा, त्यांना सगळं माहीत आहे."

सर हसले. "विचारा की! आमचा माळीच आता प्राध्यापक."

शेजारीच झाडलोट करणाऱ्या आबांनी खाली पडलेली जुनी शेंग उचलली. होडीसारखी, उकललेली. "मॅडम, हाई झाड ओक नही शे. ओकना फळले खाले टोपी ऱ्हास. याले अशी शेंग येस, मजार पंखवालं बी."

मॅडमनी शेंगेच्या आत डोकावून पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं. सरांचे कान लाल झाले.

गाड्या फाटकाबाहेर पडताच सरांनी आबांना बोलावलं. आम्ही व्हरांड्यातच होतो.

"झाडाला वाळवी लागलीय. उद्या पाडायचं."

"नही लागेल, सर. मी रोज देखस."

"मी सांगतो ना, लागलीय. आणि माणूस लावायचा नाही. तूच पाड."

दोन दिवस आबा एकटे कुऱ्हाड चालवत होते. हे झाड त्यांनीच लावलेलं, पहिली दोन वर्षं पांझरा नदीवरून घागरीने पाणी आणून जगवलेलं. सर खुर्ची टाकून सावलीत बसले होते, चहा पीत. "जोर लाव, प्राध्यापक!" म्हणाले की मुलं हसायची. प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात होते. मीही हसले. सरांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि खुशीत मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी आबांना सांगितलं, उद्यापासून यायचं नाही.

महिन्याने मी त्यांच्या घरी गेले. आबा नरडाण्याच्या कारखान्यात पोती उचलायला लागले होते. तळहात कापडाने बांधलेले. त्यांच्या बायकोने, द्रौपदाबाईंनी, मला दारातच अडवलं.

"मॅडमपुढे यासनं नाव लेनारी पोर तूच का?"



आतून आबा म्हणाले, "ती नही. दुसरी व्हती. येऊ दे तिले."

मी आत गेले, चहा प्यायले, आणि खरं न सांगताच उठले. त्या वर्षी प्रॅक्टिकलला मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले.