सरांचं वल्हं

चहा घ्या आधी, आणि हसणार नाही असं कबूल करा. चार सुशिक्षित माणसांना बोटीत घालून, भर नदीत मी जी माती खाल्ली, ती गंभीरपणेच ऐकायला हवी. माझी डॉक्टरेट त्यात बुडता बुडता राहिली हो!

तर हायडेलबर्ग. जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्ड कप व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी तिथे पीएचडी करत होतो. तिकडे गाईडला काय म्हणतात ठाऊक आहे? डॉक्टरफाटर! म्हणजे डॉक्टरेटचा बाप. आता बापाची चूक काढायची आपल्याला सवय असते का? माझे सर साठीला आलेले, उंचेपुरे, मोजकं बोलणारे. त्यांनी भुवई उचलली की अख्खी लॅब आपापली गणितं पुन्हा तपासायला घ्यायची.

हे सर युनिव्हर्सिटीच्या रोइंग क्लबात वल्हवायला जायचे. एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "आमच्या बोटीला स्टॉयरमन हवाय. येशील?"

स्टॉयरमन म्हणजे सुकाणू सांभाळणारा. चौघं जण वल्हवतात, त्यांची पाठ पुढच्या दिशेला. हा एकटा त्यांच्याकडे तोंड करून बसतो, रस्ता बघतो, आणि कुणाचं वल्हं चुकतंय ते ओरडून सांगतो. मला वाटलं, मी काडीपैलवान, बोटीला ओझं नको म्हणून निवड झाली. लगेच हो म्हणालो. सरांना नाही कोण म्हणणार?

पहिल्याच दिवशी नेकर नदीत शिरलो आणि घोटाळा माझ्या लक्षात आला. तिघांची वल्ही एकदम पाण्यात पडत होती, छप्प! आणि मग मागाहून एकच, सावकाश, छप्प. ते सरांचं होतं.

माझ्यासमोर टोबियास बसायचा. बोटीचा ताल त्याच्या हातात. तो धापा टाकत म्हणाला, "बोट एका बाजूला ओढतेय. कोण उशीर करतंय?"

मी सरांकडे बघितलं. सर माझ्याकडेच बघत होते.

"यान!" मी ओरडलो. "तू घाई करतोयस!"

यान बिचारा शाळेपासून वल्हवत आलेला. "मी?" तो म्हणाला.

"हो, तूच. जरा दमानं घे."

घरी येऊन मी हे मंदारला सांगितलं. मंदार माझा रूममेट, नगरचा, माझ्याआधी दोन वर्षं आलेला, त्यामुळे सर्वज्ञ. भात परतता परतता तो म्हणाला, "हे बघ, थिसिसचा डिफेन्स होईपर्यंत गाईड चुकत नसतो. बाकीचे चुकतात. कळलं का?"

इतकं पटलं मला ते! पुढच्या आठवड्यात मी तिसऱ्या गड्याला, हेन्रिकला दमानं घ्यायला सांगितलं. मग खुद्द टोबियासला. जर्मन माणूस शिस्तीचा, स्टॉयरमनने सांगितलं म्हणजे संपलं. हळूहळू तिघंही सरांच्या तालात आले. चारही वल्ही एकदम छप्प! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पण बोट मंदावली, म्हणून सर आणखी सावकाश झाले. मग मी तिघांना आणखी सावकाश केलं. जूनपर्यंत अशी अवस्था आली, की काठावरून काठी टेकत जाणाऱ्या एक आजी आणि त्यांचं म्हातारं कुत्रं आम्हाला मागे टाकून जायचे. आजी हात करायच्या. मीही करायचो.

जुलैत क्लबची शर्यत होती. समोर डेंटलवाल्यांची बोट. अर्ध्या वाटेपर्यंत आम्ही अब्रू राखून मागे होतो. तेवढ्यात सरांचं वल्हं पाण्यात तिरकं अडकलं. अशा वेळी स्टॉयरमनने नाव घेऊन खणखणीत ओरडायचं असतं, "मार्टिन, थांब!" क्लबात मला मार्टिन म्हण, असं सरांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. पण जीभ वळेल तर शपथ! सगळा उन्हाळा मी त्यांना कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती.

मी अदबीने म्हणालो, "सर, जमल्यास... आपल्या सोयीने..."

बाकीच्यांना ऐकूच गेलं नाही, ते ओढत राहिले. बोट गर्रकन फिरली. शर्यत आम्ही संपवली, पण उलट्या तोंडाने. काठावर त्या आजी उभ्या होत्या. या खेपेस त्यांनी हात केला नाही.

मग बोटहाऊसवर सॉसेज भाजणं, बिअर वगैरे. मी एक सॉसेज घेऊन कोपऱ्यात जाऊन बसलो. सर शेजारी येऊन बसले. म्हणाले, "खरं सांग. कोण उशीर करत होतं?"

"पाण्याला ओढ फार होती, सर."

"मी करत होतो," सर म्हणाले. "माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. हात मागे पडणार हे मला माहीत होतं, फक्त कधी पडतो ते कळत नव्हतं. म्हणून तुला आणलं. लॅबमध्ये केसाएवढी चूक तुझ्या नजरेतून सुटत नाही."

म्हणजे वजन नव्हे! डोळे बघून नेलं होतं मला.

"इन्स्टिट्यूटमध्ये मला कुणी काही बोलत नाही," ते बिअरच्या ग्लासकडे बघत म्हणाले. "वाटलं, निदान नदीवर तरी कुणी बोलेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सर थांबले नाहीत. "आल्झो, तर मग तुझ्या थिसिसच्या चौथ्या चॅप्टरमध्ये मी एक दुरुस्ती सुचवली होती. तू ती जशीच्या तशी घातलीस. बरोबर होती का ती?"

मी सॉसेजकडे बघितलं. ती साफ चूक होती, आणि मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," सर म्हणाले. "मी कुठे चुकलो ते लिही. तोवर सबमिशन नाही."

तो अख्खा हिवाळा मी सरांची चूक लिहिण्यात घालवला. दर वाक्याला घाम फुटत होता. लिहून नेल्यावर सरांनी ते उभ्याउभ्या वाचलं, माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. डोळे भरून आले माझे.

यावरून तुम्हाला वाटेल, बरा धडा मिळाला याला.

आता मी पुण्यात आहे, माझ्या हाताखाली मोठी टीम आहे. परवा ऑफिसची क्रिकेट मॅच होती. पहिल्याच चेंडूला माझा मधला स्टंप उडाला. अंपायर आमच्याच टीममधला, संदीप. त्याचं प्रमोशन तोंडावर आलेलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हात आडवा केला. "नो बॉल!"

बोलरचा पाय रेषेच्या चांगला वीतभर मागे होता. मी स्वतः बघितलं होतं. केसाएवढी चूक सुटत नाही ना नजरेतून! सगळे माना डोलवत होते, "हो सर, नो बॉलच होता."

मला सर आठवले, नेकर आठवली, त्या आजीही आठवल्या.

मग मी स्टंप नीट लावून घेतला आणि पुन्हा गार्ड मागितला.