निरगाठ मारलेला डबा

ब्रॉसार्डच्या घरून निघताना माझी लेक सई म्हणाली, "आई, तिथे आता आहे काय? ट्रेनसुद्धा थांबत नाही."

"लुसियां आहे. मला त्याची माफी मागायचीय. तू गाडी चालव."

त्याचं असं झालं. भारतातून आलो तेव्हा पहिली दोन वर्षं आम्ही क्यूबेकच्या दक्षिणेला, अमेरिकेच्या सीमेजवळच्या त्या गावात काढली. आमचे हे रेल्वेच्या पुलांचे इंजिनिअर. आठवडाभर मुक्काम पुढच्या पुलावर. लुसियां तिथला स्टेशनमास्तर. मालगाडी गावात थांबत नसे. तो रुळांशेजारी लांब काठी धरून उभा राही. काठीच्या बेचक्यात दोरी, दोरीत पुढच्या मार्गाचा हुकूम लिहिलेला कागद. धावत्या इंजिनातला माणूस हात घालून दोरीसकट तो ओढून घेई. दर बुधवारी लुसियां त्याच दोरीला पुलावर पोचवायचा ह्यांचा डबाही बांधायचा.

एकदा तो काठी बाहेर ठेवून फोन घ्यायला आत गेला. त्याची सुरगाठ बघून मला राहवेना. थालीपिठं बर्फात पडतील, म्हणून मी दोरी काठीलाच पक्की निरगाठ मारून बांधून टाकली. झालं. काठी त्याच्या हातून हिसकली, कागद उडाला, डबा गडगडला आणि गाडी थांबवावी लागली. डबा मिळाला, झाकण बर्फात गेलं. लुसियांला आठवडाभर घरी बसवलं. मी गप्प राहिले. देश नवा, ह्यांची नोकरी नवी. हे गेले, त्यांनाही कधी सांगितलं नाही.

गाव अजून तसंच लांबट आहे. एकीकडे नदी, दुसरीकडे टेकडी, मधल्या चिंचोळ्या पट्टीत रूळ. टेकडीतला दगड न्यायला रेल्वे आली आणि मागून घरं आली, म्हणून सगळ्या घरांची तोंडं रुळांकडे. खाण कधीच बंद पडली. गारचं (स्टेशनचं) आता वाचनालय झालंय. समोरच्या हॉटेलात सूप ओ प्वा (वाटाण्याचं घट्ट सूप) मागवलं आणि जांबों (डुकराचं मांस) काढा म्हटलं, तर वाढणारी बाई म्हणाली, "मादाम, मग उरेल ते पाणी." ब्रेड खाल्ला.

लुसियां घरामागच्या शेडमध्ये भेटला. नव्वदीला टेकलाय, पण मला ओळखलं. मी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सगळं सांगून टाकलं.

"मादाम, मला त्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "गाठ चाकूनं कापावी लागली. तशी गाठ इथे कुणाला येत नव्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचा नवरा नवा होता, मी जुना. शिवाय आठवडाभर मासे पकडले."

मग त्यानं फळीवरून स्क्रूंनी भरलेलं झाकण काढलं. काठावर माझं नाव कोरलेलं, सौ. सुमन. आईनं लग्नात दिलेल्या भांड्यांतलं. "बर्फ वितळल्यावर सापडलं. तोवर तुम्ही गेला होतात."

सईनं विचारलं, "कॅन वी टेक इट?"

"आणि माझे स्क्रू?" लुसियां म्हणाला.

मी झाकण पुसून, स्क्रू सांडू न देता, परत फळीवर ठेवलं. इतकी वर्षं वाटायचं, त्या गावात मी फक्त एक लबाडी मागे ठेवून आले.

घरी येऊन त्याच डब्यात थालीपिठं ठेवली, वर झाकण म्हणून नेहमीची बशी. सई म्हणाली, "आता तरी नवा डबा आणूया."

"कशाला?" म्हटलं. "झाकण गावाला गेलंय."