राहून गेलेलं नाव

बाळ दहा दिवसांचं झालं तरी त्याच्या नावाचा विषय निघाला की मी उठून स्वयंपाकघरात जात असे. कुकर लावलेलाच नसताना त्याच्या शिट्ट्या मोजायला जायचं, म्हणजे काय सोंग असेल ते समजा. मी त्याची एकुलती एक आत्या. आमच्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि मला तो मान नको होता. देवाधर्माच्या बाबतीत मी तेव्हा अर्धवटच होते. संध्याकाळी दिवा लावायची, पण आई लावायची म्हणून. महाराणा प्रताप नगरातल्या एका कोचिंगमध्ये मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते, आणि जे सिद्ध करता येत नाही ते पाठ करू नका, असं त्यांना वर्षानुवर्षं बजावत आले आहे. तरीही सिद्ध न होणारी एक गोष्ट माझ्याच मनात तीन वर्षं ठाण मांडून बसली होती. ती मी आज पहिल्यांदा लिहून काढते आहे.

वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून भोपाळला आले आणि आम्ही आनंद नगरचेच होऊन गेलो. पुढे तेही गेले, आईही गेली, पण घरच्या रीती मागे राहिल्या. त्यातली एक बारशाची. आत्याने वाकून बाळाच्या उजव्या कानात आधी कुलदैवताचं नाव सांगायचं, मल्हारी, आणि मग बाळाचं स्वतःचं. आई म्हणायची, आधी देवाने त्याला आपलं म्हणायचं, मग आपण. आत्या वाकली की बाकीच्या बायका 'कुर्रर्र' करत तिच्या पाठीत धपाटे घालतात आणि सगळा हशा होतो. माझा धाकटा भाऊ श्रीकांत आणि त्याची बायको अनघा यांना तीन वर्षांपूर्वी पहिला मुलगा झाला, तेव्हा मी मोठ्या हौसेने पुढे सरसावले. नावांची यादी केली, पसंतीप्रमाणे गुण दिले आणि 'ईशान' हे नाव माझं मीच पक्कं करून टाकलं. अनघा इंदूरची, मऊ स्वभावाची. तिच्या मनात काय आहे ते विचारावं, असं मला सुचलंसुद्धा नाही.

बारशाच्या दिवशी मी पाळण्यापाशी वाकले. बाळ अनघाच्या मांडीवर होतं. शेजारणींनी धपाटे जरा जास्तच मनापासून घातले, मला हसू फुटलं, आणि त्याच हसण्यात मनात आलं की कानात कुजबुजलेलं कोण ऐकायला बसलंय, मल्हारी-बिल्हारी कशाला. मी फक्त 'ईशान' म्हटलं आणि उठले. पेढे वाटले, फोटो काढले. आठवड्याने ईशान गेला. त्याच्या हृदयात जन्मापासूनच दोष होता, आणि डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून तो समजावून सांगितला होता. मला तो नीट समजला होता. माझ्या न बोललेल्या एका शब्दाचा त्या दोषाशी काहीही संबंध नाही, हे मी कोणत्याही वर्गात फळ्यावर मांडून दाखवलं असतं. पण रात्रंदिवस मन एकच म्हणत राहिलं, तुला एवढं एक काम दिलं होतं. त्यानंतर आमच्या घरात ईशानचं नाव कुणी घेतलं नाही. त्याचा पाळणा माळ्यावर गेला आणि आम्ही तिघंही माळ्याकडे बघायचं टाळू लागलो.

या जानेवारीत दुसरा मुलगा झाला. हृदय चांगलं, वजन चांगलं, रडणं तर सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. आम्ही जरा श्वास घेतो न घेतो तोच तिसऱ्या दिवशी कानांची तपासणी झाली. हल्ली सगळ्या बाळांची करतात. कानात इवलीशी नळी ठेवून यंत्र आवाज सोडतं आणि कान काय उत्तर देतो ते बघतं. आमच्या बाळाच्या दोन्ही कानांनी उत्तर दिलं नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा आणा, कधीकधी कानात पाणी राहिलेलं असतं, असं तिथल्या बाई म्हणाल्या. घरी आल्यावर आम्ही तिघंही एकमेकांच्या चोरून त्याची परीक्षा घेत होतो. श्रीकांत टाळ्या वाजवायचा. एकदा माझ्या हातून स्टीलची परात त्याच्या उशाशीच पडली. मी दचकले, बाहेर कुत्रा भुंकला, आणि बाळ शांतपणे मुठी चोखत राहिलं. पहिल्याला मी सांगितलं नाही, आणि दुसरा आता मी सांगितलेलं ऐकणार नाही, असा हिशेब कुणीतरी मांडून माझ्यासमोर ठेवला आहे, असं मला वाटलं.

बारसं बाराव्या दिवशी ठरलं. मी श्रीकांतला सुचवून पाहिलं की अनघाच्या बहिणीला इंदूरहून बोलावू, ती सांगेल नाव. श्रीकांत तयार होता. अनघाच अडून बसली. एरवी कधी आवाज न चढवणारी ती, पण या एका गोष्टीत हटायला तयार नव्हती. नाव ताईच सांगतील, नाहीतर बारसंच नको, असं तिने त्याला साफ सांगून टाकलं.

अकराव्या दिवशी सकाळी मी श्रीकांतला विचारलं, ईशानला कुठे ठेवलं आहे. एवढ्या लहान बाळांना आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. त्या दिवशी श्रीकांत आणि वडिलांचे एक जुने मित्र असे दोघंच गेले होते. त्याने खालच्या आवाजात जागा सांगितली. रायसेन रोडने गावाबाहेर, भिंतीच्या कडेला, बाभळीजवळ. क्लास आहे असं अनघाला खोटं सांगून मी स्कूटी काढली. धुकं इतकं होतं की नऊ वाजून गेले तरी ट्रक दिवे लावून चालले होते. फाटकापाशी एक चौकीदार शेकोटी करून बसला होता. त्याने मला अडवलं नाही, विचारलंही नाही.

मी आत गेले. दगड नाहीत, पाट्या नाहीत, नुसते लहान लहान उंचवटे, त्यातले कितीतरी पावसांनी सपाट झालेले. बाभळी पाहिल्या तर एक नाही, सात-आठ, धुक्यात सगळ्या सारख्याच. मी एकीपासून दुसरीकडे हिंडत राहिले. कुठे पाय ठेवते आहे त्याचीही भीती वाटत होती. तेवढ्यात झाडूचा आवाज आला. वाळली पानं लोटण्याचा, सावकाश, थांबून थांबून. तपकिरी शाल पांघरलेली एक म्हातारी बाई वाकून झाडत होती. माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "किसको ढूँढ रही हो?"

मी म्हटलं, भतीजे को. तीन साल हो गए.

"ईशान?" ती म्हणाली. "वो इधर है."

मी नाव सांगितलं नव्हतं. तरी मी तिच्या मागून गेले. भिंतीपासून चार पावलांवर ती थांबली आणि झाडूने जागा दाखवली. मग तिने जे सांगितलं ते नळाला आज पाणी आलं की नाही हे सांगावं इतक्या साध्या सुरात सांगितलं.

"एक ही नाम बताता है. कहता है एक और था, बुआ ने बताया नहीं."

बुआ, म्हणजे आत्या. ती बाजूला सरकली आणि पुन्हा झाडू लागली. मी किंचाळले नाही, पळाले नाही, याचं मला अजून नवल वाटतं. मी गुडघ्यांवर बसले. ओल्या मातीजवळ तोंड नेलं आणि तीन वर्षांपूर्वी सांगायचं होतं ते सांगितलं. मल्हारी. मग थोडं थांबून, ईशान. माझ्या आयुष्यात मी कधी इतकी ढसाढसा रडले नव्हते. मातीतून उत्तर आलं, प्रकाश पडला, असं काही झालं नाही. फक्त झाडूचा आवाज चालू होता, कधी उजवीकडून, कधी अगदी पाठीमागून, आणि मी मान वळवली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. ईशानच्या जागेभोवतीची हातभर जमीन स्वच्छ झाडलेली होती. बाकी सगळीकडे पानं तशीच पडून होती, आणि दंवाने पांढऱ्या झालेल्या गवतावर येतानाच्या पावलांची एकच रांग होती. ती माझी होती.

फाटकापाशी चौकीदाराला विचारलं, अंदर जो बाई झाडू लगाती है, वो कौन है. तो म्हणाला, यहाँ कोई बाई नहीं आती मॅडम, सुबह से आप ही आई हो. परतताना मी कारणं शोधत राहिले. श्रीकांतने तीन वर्षांपूर्वी तिथे नाव घेतलं असेल, कुणी ऐकून लक्षात ठेवलं असेल, धुक्यात मला पावलं दिसली नसतील. पण बारशाच्या दिवशीची माझी चूक श्रीकांतलाही माहीत नव्हती. ती फक्त मला माहीत होती. त्या वेळी तरी मी असंच समजत होते.

घरी पोचेपर्यंत ऊन पडलं होतं. अनघा गच्चीत चटईवर बसून बाळाला उन्हात शेकवत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. आधी बारशाचं, मग खोटं बोलून गेले ते, मग त्या बाईचं. ती मला हाकलून देईल, हे धरूनच मी बोलत होते. ती बाळाच्या तळव्यांना तेल चोळत राहिली.

"ताई, मला माहीत होतं," ती म्हणाली. "तो माझ्याच मांडीवर होता न. मी ऐकलं होतं."

मी विचारलं, मग तीन वर्षं बोलली का नाहीस.

"आधी खूप गुस्सा होता. मग बघितलं, तुम्ही आमच्या खोलीतल्या त्याच्या फोटोसमोरून पण जात नाही. म्हटलं, ह्यांना काय सांगायचं, ह्या तर रोजच भोगताहेत. या वेळी दुसऱ्या कोणी नाव सांगितलं असतं, तर तुमचं ते तसंच राहिलं असतं. म्हणून जिद्द धरली."

मला तिच्याकडे बघवेना. माझ्याहून बारा वर्षांनी लहान असलेल्या, मी कधी काही विचारण्याच्या लायकीची न मानलेल्या या मुलीने स्वतःचं दुःख बाजूला ठेवून माझी वाट मोकळी ठेवली होती. तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली. मग मान खाली घालूनच तिने विचारलं, "आणखी काय म्हणाला तो?"

एवढंच, मी म्हटलं. तिने मान हलवली आणि बाळाला छातीशी घेतलं. थोड्या वेळाने मी तिला पहिल्यांदा विचारलं की तिला कोणतं नाव आवडतं. तिने लगेच सांगितलं, केशव. ते तिच्या वडिलांचं नाव. माझ्या जुन्या यादीत ते कधी आलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. शेजारणी जमल्या, पण मागचं सगळ्यांना आठवत असल्याने हसणं बेताचंच होतं. मी वाकण्याआधी श्रीकांत माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, त्याला ऐकू येत असेल का ग. मी म्हटलं, ते बघणारा वेगळा आहे, सांगायचं काम माझं. हे मी कुठून बोलले कोण जाणे, पण बोलले आणि तीन वर्षांचं ओझं उतरलं. पाठीत धपाटे पडत होते. मी घाई केली नाही. आधी मल्हारी, मग केशव, अगदी स्पष्ट. बाळ ढिम्म. पापणीही हलली नाही. तरी मला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. त्याचे कान आणि त्याचं पुढचं सगळं मी ज्याचं नाव आधी घेतलं होतं त्याच्या हवाली केलं.

चार-पाच दिवसांनी आम्ही पुन्हा तपासणीला गेलो. तिथल्या बाई नवीन होत्या. केशव अनघाच्या मांडीवर जागा होता, खिडकीकडे तोंड करून. बाई यंत्राची नळी पुसता पुसता अर्ज भरत होत्या. बच्चे का नाम? केशव, मी म्हटलं. मग त्यांनी सहज विचारलं, पहला बच्चा है?

या प्रश्नाची मला धास्ती होती. गेली तीन वर्षं कुणी मुलाबाळांचं विचारलं की अनघा गप्प व्हायची आणि मी विषय बदलायची. आताही मी घाईने तोंड उघडलं. पण अनघा माझ्याआधी बोलली.

"नहीं, दूसरा है. बड़े का नाम ईशान."

आमच्यात तीन वर्षांत पहिल्यांदा तिने ते नाव मोठ्याने घेतलं होतं. आणि मांडीवरच्या केशवने खिडकीकडचं तोंड वळवलं, अनघाच्या चेहऱ्याकडे, सावकाश, कुणी ओळखीच्याने हाक मारली की वळवावं तसं. श्रीकांतने माझा दंड घट्ट धरला. त्या बाई हसून म्हणाल्या, अरे, सुन तो रहा है ये, आणि मग त्यांनी नळी लावली. दोन्ही कानांनी उत्तर दिलं. पाणी राहिलं असेल, निघून गेलं, असं होतं बरेचदा, असं त्यांनी सांगितलं, आणि तसंच असेल. मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. तो कुणाच्या नावाला वळला, याचं गणितही मी मांडत बसले नाही. घरी येऊन दिवा लावला, हात जोडले, आणि बराच वेळ उभी राहूनही मागायचं काहीच आठवलं नाही.