मूगवड्या, सीगल आणि आईचं ताट

या धाग्यावर मी आजवर फक्त टवाळी करायला आलोय, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली की ‘पाय नीट बघितलेत का’ म्हणून विचारणारा तो मीच. शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर आणि जन्माने नागपूरकर... म्हणजे समोरच्याने तोंड उघडलं की आधी ‘हट् बे’ म्हणायचं आणि मग ऐकायचं. आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर आधी हसून घ्या. हसलात? बरं, आता ऐका.

आमचं गाव, गाव कसलं, सबर्बच, ओंटारिओ तळ्याच्या काठाने, ओकव्हिल आणि हॅमिल्टनच्या मध्ये. तळं म्हटलं म्हणून आपला नागपूरचा फुटाळा डोळ्यासमोर आणू नका हं! पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, मोठाली मालवाहू जहाजं जातात. पाणी तेवढं खारट नाही. लांबच लांब वाळू, तिच्यामागे कॉटनवूडची झाडं, आणि जूनमध्ये त्यांचा कापूस हवेत नुसता तरंगत असतो. सकाळी लवकर जा, कुत्री फिरवणारे असतात, व्हॉलीबॉलची जाळी बांधणारी पोरं असतात, फोल्डिंग खुर्ची टाकून पाण्याकडे बघत कॉफी पिणारे म्हातारे असतात. ओळख ना पाळख, पण ‘ब्यूटिफुल मॉर्निंग!’ म्हटल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. एटोबिकोच्या काँडोमध्ये आम्ही काही वर्षं काढली होती, तिथे लिफ्टमध्ये माणसं बुटांकडे बघत उभी राहायची. इथे आल्यावर मी या जागेच्या प्रेमातच पडलो. अजूनही आहे. जे झालं त्यानंतरही.

घर मात्र काठावर नाही. काठावरची घरं बघायला ठीक. आमचं तळ्यापासून चांगलं दोन किलोमीटर आत, आणि मध्ये गो ट्रेनचे, म्हणजे इथल्या लोकलचे, रूळ अन् हायवे. पुढचं दार तळ्याच्या दिशेला, पण तिथून तळं काही दिसत नाही. मागच्या बाजूला लाकडी डेक. ही दिशा जरा लक्षात ठेवा.

२००९चा उन्हाळा. आई नागपूरहून आली होती. तिला गाव फार आवडलं. हंसांची जोडी पिल्लं घेऊन काठाने निघाली की ही वाळूत फतकल मारून बसायची आणि म्हणायची, “पाह्य बरं, कशी रांगेत चालली लेकरं! आपल्याकडे शाळेतली पोरं नाही चालत अशी.” पण हाताला काम नाही म्हटल्यावर ती चार दिवसांत कंटाळली. मग ग्रोसरीतून मुगाची डाळ आणवली, भिजवली, वाटली, आणि डेकवर जुनी चादर अंथरून मूगवड्या घातल्या. “इथलं ऊन दिसते छान, पण दम नाही त्याच्यात,” हे रोजचं.

दम नव्हता तो उन्हात. सीगलमध्ये होता! हे पक्षी म्हणजे एक नंबरचे दरोडेखोर. बीचवर माणसाच्या हातातला फ्रेंच फ्राय उचलतात, तर वड्यांचं काय. आई त्यांना ‘पांढरे कावळे’ म्हणायची. तिने स्टीलचं ताट आणि पळी घेतली, आणि नागपूरला गच्चीवरची माकडं हाकलायची तशीच बडवायला लागली. तिचा ठेका ठरलेला: ठण्ण ठण्ण... ठण्. ठण्ण ठण्ण... ठण्. लहानपणी नागपुरात मी शाळेतून यायचो तेव्हा कोपऱ्यावरूनच कळायचं की आज वाळवण आहे. एक वडी म्हणून तिने सीगलला खाऊ दिली नाही. शेजारचा फ्रँक, स्टील प्लांटमधून रिटायर झालेला म्हातारा, कुंपणावरून टाळ्या वाजवायचा. “विनय, युवर मॉम्स कॉन्सर्ट इज ऑन!” आईला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही, तरी दोघांचं रोज अर्धा तास बोलणं चालायचं. कसं, ते विचारू नका... तो वेगळाच अनुभव.

तर एका शनिवारी सकाळी नाश्ता करून मी आणि मुक्ता निघालो. मुक्ता माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. बायको हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर. दोन सीटचा सेकंडहँड कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, गाडीवर बांधला. आई मागे वड्या पसरत होती, लख्ख ऊन होतं.

“कुठं चालले रे?”

“तळ्यावर. जेवायला येतो.”

“ये मग. पिठलं करून राहिली मी.”

पाणी त्या दिवशी आरशासारखं होतं. लाइफ जॅकेटं घातली, फोन भिजेल म्हणून गाडीतच ठेवला. खाली तळाचे गोटे स्पष्ट दिसत होते, मुक्ता हात बुडवून ‘इट्स फ्रीझिंग!’ म्हणून किंचाळत होती. जूनमध्येही हे पाणी बर्फासारखं असतं. आत पडलात तर पोहता येण्या-न येण्याचा प्रश्नच उरत नाही, हातपाय आधी जातात. ते मला माहीत होतं, म्हणून आम्ही काठाकाठानेच जायचो. पण त्या दिवशी लांबवर लून पक्षी दिसला. काळं डोकं, पाठीवर पांढरे ठिपके... काय देखणा हो! तो बुडी मारायचा आणि आणखी पुढे वर यायचा. आम्ही त्याच्यामागे.

मागे वळून बघितलं तर काठ नव्हता.

धुकं कधी आलं, कळलंच नाही. गार पाण्यावर गरम हवा आली की धुकं बनतं, विज्ञान मला पाठ आहे. पण विज्ञान पाठ असून काय करता? कयाकचं पुढचं टोक आणि मुक्ताची पिवळी टोपी, बस्स. वारा नाही, लाट नाही, सूर्य कुठे आहे पत्ता नाही. मी मनाशी दिशा ठरवली आणि जोरात वल्हवायला लागलो. बराच वेळ वल्हवलं. काठ आला नाही.

आणि मग भोंगा वाजला. जहाजाचा. हॅमिल्टन बंदराकडे जाणारी ती धुडं, तीन मजली इमारत पाण्यावर चालावी तशी. भोंगा डावीकडून आला का उजवीकडून, सांगता येईना. धुक्यात तो सगळीकडूनच येतो. पुन्हा वाजला, या वेळी जवळ. खरं सांगतो, माझी पार बोबडी वळली. स्वतःसाठी नाही हो, पुढे लेकरू बसलेलं.

“बाबा, आर वी लॉस्ट?”

“नाही गं. आलोच आपण.” आवाज माझा मलाच खोटा वाटला.

तिने कान टवकारले. मग मान वळवून म्हणाली, “बाबा, दॅट्स आज्जी.”

“काय?”

“आज्जीज प्लेट. लिसन!”

मी वल्हं थांबवलं. आणि आईशप्पथ सांगतो... ठण्ण ठण्ण... ठण्. ठण्ण ठण्ण... ठण्. बारीक, पण स्वच्छ. आणि आमच्या बरोबर पाठीमागून. म्हणजे मी इतका वेळ जीव तोडून तळ्याच्या आत, त्या जहाजाच्या वाटेकडे चाललो होतो.

माझ्यातला इंजिनिअर म्हणाला, शक्यच नाही, दोन किलोमीटर आत, मध्ये हायवे. पण मुक्ता म्हणाली, “टर्न अराउंड, बाबा!” आणि मी वळवलं. तो ठेका मध्ये एकदाही तुटला नाही. मी चुकून डावीकडे गेलो की तो उजव्या कानात यायचा, की मी सरळ करायचो. मागे भोंगा पुन्हा वाजला, आणि थोड्या वेळाने एक मोठी लाट आमच्याखालून गेली. ते जहाज. आम्ही होतो तिथूनच गेलं असणार.

कयाकचं टोक वाळूत रुतलं आणि आवाज बंद झाला. तिथल्या तिथे.

काठावर खुर्ची टाकून एक जोडपं बसलं होतं. मी विचारलं, आता काही वाजत होतं का, भांड्यासारखं? त्यांनी एकमेकांकडे बघितलं. “जस्ट द शिप,” बाई म्हणाली, आणि मुक्ताच्या अंगावर आपला टॉवेल टाकला.

घराकडे वळलो तर रूळ ओलांडल्यावर लख्ख ऊन. धुक्याचा मागमूस नाही. ड्राइव्हवेमध्ये फ्रँक पाण्याचा ग्लास घेऊन उभा, आणि आई पायरीवर बसलेली, मांडीवर ताट, तळवे लालभडक. मला बघून फ्रँक म्हणाला, की तुझी आई अचानक पुढच्या अंगणात आली आणि रस्त्याकडे तोंड करून ताट बडवायला लागली. त्याने थांब म्हटलं, खांद्याला हात लावला, तिला कळलंच नाही. कितीतरी वेळ. मग एकदम पळी खाली टाकली आणि बसली.

“आई, काय झालं गं?”

“मले काय माहीत? वड्या पाहत होती. हात चालूच झाले. थांबतच नव्हते रे बाप्पा.” मग तिने आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुम्ही ओले काहून झाले?”

मी मागे डेकवर गेलो. चादर रिकामी होती. दहा-बारा सीगल कठड्यावर बसून चोची पुसत होते. जिने वर्षानुवर्षं माकडाला एक वडी लागू दिली नाही, ती बाई वड्यांकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली होती. मी तिथेच खाली बसलो आणि हमसून हमसून रडलो. लाज वाटत नाही सांगायला.

पुढच्या आठवड्यात मी काठावर उभा राहिलो, फोन लावला आणि आईला ताट वाजवायला सांगितलं. फोनमध्ये ठणठणाट, फ्रँकचं हसणं... दुसऱ्या कानात काहीही नाही. धुक्यात पाण्यावरून आवाज लांब जातो, हे मला सांगू नका. धुकं पडलं तेव्हाही करून बघितलं. काही नाही. मुक्ताला विचाराल तर ती खांदे उडवते, “इट वॉज आज्जी,” बस्स. तिला त्यात न समजण्यासारखं काही दिसतच नाही.

त्यानंतर आई दर उन्हाळ्यात येते. वड्या घालते. मी अजूनही कयाक काढतो, आता कंपास आणि शिट्टी बरोबर असते, आणि काठ नजरेआड होऊ देत नाही. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलत नाही, विचारलं तर म्हणते, “काय तेच ते घेऊन बसला.” पण मी कयाक गाडीवर बांधायला लागलो, की ती ताट आणि पळी आणून पुढच्या दाराशी ठेवते. सीगलसाठी म्हणे.

सीगल तर मागच्या डेकवर येतात.