फाटकापलीकडचा शेवट

वर्ध्याजवळच्या सिंदीत आमच्या रेल्वे क्वार्टरची वीज सहसा जात नसे. फाटकाच्या पलीकडे, गावात, ती रविवारी दुपारी ठरल्या वेळेला जायची. टीव्हीवरचा सिनेमा दुपारची जेवणं झाली की लागे आणि लोडशेडिंग नेमकं त्याच्या शेवटावर येई. गावातल्या बायकांना कितीतरी सिनेमांतली लग्नं ठरलेली माहीत होती, लागलेली माहीत नव्हती. कोर्टात आरोपी उभा राहिला, वकील खुर्चीतून उठला, आणि पंखा थांबला.

उरलेलं त्या बायका सोमवारी माझ्याकडून घेऊन जात.

मी मूळची सांगलीकडची. सहावीनंतर शाळा सुटली, लग्न लवकर झालं, नवरा रेल्वेत पॉइंट्समन, आणि बदल्या होत होत आम्ही इथे येऊन टेकलो. माहेर म्हणजे रात्रभराची गाडी आणि वर आणखी दिवसभर. पहिल्या वर्षी इथलं बोलणं मला कळे, पण उत्तर द्यायला तोंड उघडायची धास्ती वाटे. आपण काही चुकीचं बोलू, लोक हसतील, आणि मग या मुलखात आपल्याला कोण विचारणार, असं सारखं वाटत राही. हसले तसे कुणी फारसे नाहीत. उलट ब्लाऊज शिवते म्हटल्यावर फाटक ओलांडून बायका यायला लागल्या. त्या वेळी त्या आल्या नसत्या तर माझं काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही पुरता करत नाही.

त्यातली एक कापड दुकानदाराची बायको. मी तिला वहिनी म्हणायची, ती मलाही वहिनीच म्हणायची. एका सोमवारी माप देताना हात वर करून उभी होती, तशीच म्हणाली, "काऊन वो वहिनी, तुमच्या इकडं तं लाईन होती नं? मंग त्या पोरीचं लग्न झालं का नाई?"

मी सांगितलं. झालं, पण दुसऱ्याशी झालं. वहिनी हात खाली घ्यायला विसरली.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. आमच्याकडे येऊनच सिनेमा पाहा, असं मी सगळ्यांना म्हणून पाहिलं. पण वहिनीकडे सासरे दुपारी चहा मागत, कुणाकडे पोरं, कुणाकडे पाहुणे, आणि आमच्याकडे रात्रपाळी करून आलेला माणूस त्याच एका खोलीत तोंडावर चादर ओढून झोपलेला. टीव्हीचा आवाज इतका बारीक ठेवावा लागे की मारामारीसुद्धा कुजबुजत चाले.

खरं सांगायचं तर मी तरी कुठे धड पाहायची? अर्धं डोळ्यांनी, अर्धं कानांनी. धाकटा कडेवर किंवा पायात, मोठी मुलगी आठवीत, तिचा अभ्यास, लग्नसराईचे ब्लाऊज, मोरीतली भांडी. नायिका रडत असली की मी हूक लावत असे. चांगले कपडे घालून लोक एका खोलीत जमले की समजायचं, आता शेवट आला, आणि हात पुसत पुढे येऊन उभं राहायचं. एवढ्या पुंजीवर मी शेवट सांगायची. पण कामाच्या नादातच माझी एक प्रतवारी तयार झाली. काही सिनेमे भांड्यांचे. भांडी घासत ऐकले तरी काही हुकत नाही. काही शेंगांचे. तुरीच्या शेंगा सोलत बसावं, मधूनमधून मान वर करावी. आणि फार थोडे हात थांबवायचे.

ही प्रतवारी माझ्याकडे ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्या शाळेतल्या मॅडमना फार आवडली. त्या बुद्धविहाराला लागून असलेलं वाचनालय सांभाळत. बाहेरच्या फळ्यावर रोज बातम्या आणि सुविचार लिहीत. एका सोमवारी त्यांनी कोपऱ्यात लिहिलं: रविवारचा सिनेमा, शेंगांचा. खाली दोन ओळी, मी बोलले होते तशाच. मी धाकट्याला घेऊन बाजाराला चालले होते, फळा पाहिला आणि थबकले. वाटलं, आता कुणी विचारेल, ही बाई कितवी शिकली. कुणीच विचारलं नाही. पुढे मॅडम खडू माझ्याच हातात द्यायला लागल्या. माझी एखादी वेलांटी चुकली तर त्या हळूच तेवढी बोटाने पुसून नीट करत.

अशी दोनेक वर्षं गेली. मग एका शनिवारी ब्लाऊज न्यायला वहिनी आणि मॅडम एकाच वेळी आल्या होत्या, तेव्हा मॅडमनी पेपरात वाचून सांगितलं की उद्या तो नावाडणीचा जुना सिनेमा आहे. त्या म्हणाल्या, हा तर तुम्हाला पाठच असेल.

पाठ होता, पण अर्धा.

मी सहावीत असताना आमच्या गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. काळापांढरा. एक नावाडीण मेलेल्या बहिणीचं पोर सांभाळते, लोकांना नदी ओलांडून देऊन त्याला शिकवते, आणि एक दिवस त्याला पलीकडच्या काठावर सोडते. तो ट्रंक घेऊन उतरतो आणि चालायला लागतो. मागे वळून पाहत नाही. ती वल्हं धरून उभीच. तिथे मध्यंतर झालं, तंबूतले दिवे लागले, आणि वडील म्हणाले, चला. बैलगाडी निघत होती. आईचे दिवस भरत आले होते. घरी आलो, भाऊ झाला, आणि घरात हाताखाली कुणीतरी हवं म्हणून त्या जूनपासून माझी शाळा राहिली ती राहिलीच. पुढे या सिनेमाचा विषय कुठेही निघाला की मी उठून जायची. शेवट मला ऐकायचा नव्हता. पाहायचा होता. लोकांना मी कितीतरी शेवट सांगितले, पण हा एक मला स्वतःच्या डोळ्यांनी हवा होता.

वहिनीने तो लहानपणी वर्ध्याच्या टॉकीजमध्ये पाहिलेला. ती सुरूच झाली, "अवो, शेवटी तं ते नावाडीण..."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. बोलता येईना, म्हणून मी दोन्ही हात कानांवर ठेवले. दोघी हसायला लागल्या. मग टाचण्या काढून मी हे सगळं सांगितलं, तशा हसायच्या थांबल्या. वहिनी माझ्या मशीनवरचा ब्लाऊजांचा ढीग पाहत राहिली. एका घरच्या लग्नाचे सगळे ब्लाऊज त्या आठवड्यात माझ्याकडे होते. मानेत कळ बसली होती, आणि मी उभ्या उभ्या डुलक्या घेत होते.

रविवारी जेवणं उरकतात न उरकतात तोच दोघी दारात. वहिनीने सासऱ्यांच्या चहाचं जावेवर सोपवलं होतं. नवऱ्याची सुट्टी होती. तो धाकट्याला घेऊन केस कापायला आणि मग बाजाराला गेला. वहिनीने रात्रीच्या पोळ्यांची कणीक आपल्याकडे ओढली. मॅडमनी शेंगांची टोपली घेतली. मुलीला गॅसजवळ बसवून वहिनी म्हणाली, दुधाकडं ध्यान ठेवजो. आणि मला दोघींनी लोखंडी कॉटवर भिंतीला पाठ लावून बसवलं, पाय वर घ्यायला लावले.

"आज तुम्ही उठायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

माझ्या हातात काही नव्हतं. मला ते फार अवघड गेलं. हात कुठे ठेवावेत कळेना, शेवटी मांडीवर ठेवले. सिनेमा लागला. आवाजही मोठा होता, कारण आज घरात कुणी झोपलेलं नव्हतं. नदी तीच, नाव तीच, पोर तसंच हट्टी. काही गोष्टी मी मनाने भरल्या होत्या. मला वाटायचं नावाडणीच्या कपाळावर मोठं कुंकू आहे, तसं काही नव्हतं. मग तो पलीकडचा काठ आला. मुलगा ट्रंक घेऊन उतरला, चालायला लागला, वळला नाही. तंबूतले दिवे लागले होते ती हीच जागा. इथून पुढे सगळं माझ्यासाठी नवं. जाहिराती लागल्या. मी मान जराशी मागे टेकवली.

जाग आली तेव्हा टीव्ही बंद होता. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं होतं, आणि माझ्या अंगावर नवऱ्याची चादर होती. तव्यावर एक पोळी कोळसा झाली होती. कणकेचा गोळा तसाच, वर सुकून तडे गेलेला. शेंगा जवळजवळ होत्या तेवढ्याच. मला पाहता यावं म्हणून कामाला आलेल्या दोघी हात थांबवून बसल्या होत्या, आणि जिचे हात मोकळे केले होते ती झोपली होती.

वहिनीचे डोळे लाल झाले होते. ती हळूच म्हणाली, "उठवत होती जी मी तुमाले. मॅडम म्हणे, झोपू द्या."

मॅडम जमिनीवर पडलेली चार टरफलं गोळा करत राहिल्या. सांगू का, असं त्यांनी जाताना विचारलं. मी म्हटलं, उद्या सांगा. मला राग आला नव्हता. माहेर सोडल्यापासून दिवसा मला कुणी असं झोपू दिलं नव्हतं, हेच डोक्यात फिरत होतं. दोघी फाटकाकडे गेल्या. मालगाडी यायची होती म्हणून फाटक बंद होतं, तिथे त्या बराच वेळ उभ्या दिसल्या.

मी तवा घासायला घेतला. मुलगी शेजारी येऊन उकिडवी बसली आणि न विचारता सांगायला लागली. तो मुलगा इंजिनिअर होऊन येतो आणि त्या नदीवर पूल बांधतो. नाव बंद पडते. नावाडीण भांडत नाही, शापही देत नाही. एक दिवस नाव काठाला बांधून टाकते आणि पुलावरून चालत पलीकडे जाते.

इतकी वर्षं मी माझ्यापुरते शेवट रचले होते. कधी तो तिच्या पाया पडत होता, कधी ती नदीत उडी घेत होती. पुलावरून चालत जाईल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

"मग मागे वळून पाहते का ती?" मी विचारलं. "नावेकडे?"

"ते नाई पाहिलं मी. दूध वर आल्तं, मी उठली."

सोमवारी मी त्या दोघींना विचारलं. वहिनी म्हणाली, पाहते की. मॅडम म्हणाल्या, छे, मुळीच नाही. दोघी माझ्या मशीनसमोर त्यावरून खऱ्याखुऱ्या भांडल्या, आणि फळ्याचा कोपरा त्या आठवड्यात तसाच कोरा राहिला.

पण ते सोमवारचं. त्या रविवारी संध्याकाळी मात्र हातातला तवा तसाच ठेवून मी मुलीकडे पाहिलं. गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती, चांगलं काम केल्यासारखी.

"पुढच्या वेळी दूध उतू गेलं तरी उठायचं नाही," मी म्हटलं.

"मंग बाबाच्या चहाले?"

"कोरा पितील."

तिला ते पटलेलं दिसलं नाही. उठून तिने दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.